अण्णा, मी पुन्हा गाडी चालवतेय

प्रिय अण्णा,

काल खुलताबादच्या घाटातून मी एकटीनं गाडी नेली आणि परत आणली. ही बातमी तुम्हाला दिल्याशिवाय राहवेना, म्हणून हे पत्र.

तुम्ही गेलात तेव्हा स्टीअरिंग माझ्याच हातात होतं. खुलताबादला दर्शन घेऊन आपण हाच घाट उतरत होतो. तुम्ही बोलता बोलता थांबलात आणि मान कलली. दवाखान्यापर्यंत मी गाडी कशी पळवली, मलाच माहीत. मुकुंदवाडीतल्या आपल्या ड्रायव्हिंग क्लासात बायकांना गाडी शिकवणारी मी! त्यानंतर नुसती किल्ली उचलली तरी 'माझ्यामुळंच अण्णा गेले' असं वाटून घाम फुटायचा.

काका म्हणायचे, "झोपेची गोळी घे, होतंय बरं." शेवटी माझ्याकडं गाडी शिकलेली रुबीना म्हणाली, "दीदी, छावणी भागात एक मानसोपचारवाल्या मॅडम हैत. मी बी जायचे. बोलायचं असतं तिथं."

नुसतं बोलून काय होणार? तुम्हीही हेच म्हणाला असतात ना? "घरचं दुःख परक्याला कशाला सांगायचं!"

मला वाटलं होतं, मॅडम एकतर उपदेश करतील नाहीतर मला वेड्यात काढतील. तिथं तर साधी खोली, दोन खुर्च्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलं. आठवड्यातून एकदा यायचं. बोललेलं बाहेर जाणार नाही. जिवाला धोका दिसला, तरच घरच्यांना कळवतील. गोळ्या लागल्या तर त्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडं पाठवतील. मग विचारलं, "इथून तुम्हाला काय हवंय?"

"गाडी," मी म्हटलं. दोघी हसलो.

पण अण्णा, मधले आठवडे लई वाईट गेले. बरं वाटायचं सोडून रोज रडू यायला लागलं. एकदा मी चिडलेच, "तुम्हाला काय कळणार? मी नाय येणार आता!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तोंडावर सांगितलंत, बरं केलंत. खरा राग कुणावर आहे?"

"अण्णांवर!" माझ्या तोंडून निघून गेलं.

व्हय, तुमच्यावर! सकाळपासून छातीत दुखत होतं, हे मला कळलं ते दवाखान्यात आई डॉक्टरांना सांगत होती तेव्हा. आईला सांगितलंत, वर "पोरीला बोलू नको, दर्शन राहील" म्हणालात. का हो? माझा एवढाही भरवसा नव्हता? त्या दिवशी मी पोटभर भांडले तुमच्याशी, त्या दोन खुर्च्यांच्या खोलीत. आणि मग पहिल्यांदा स्वतःशी म्हणू शकले, मी तुम्हाला मारलं नाही.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. आधी बंद गाडीत नुसती बसायचे. मग गल्लीत एक चक्कर. एकदा अर्ध्या रस्त्यात गाडी सोडून रिक्षानं घरी आले. मॅडम म्हणाल्या, "मागं आलात, हरला नाहीत." त्यानंतर छावणी, त्यानंतर घाट. तुम्ही कोसळलात त्या वळणावर काल छाती धडधडली, पण गिअर बदलला आणि वळण घेतलं.

घरी पोचले तर आई दारातच उभी.

"नेलीस?"

"नेली."

ती पायरीवर बसली. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर ती त्या सकाळबद्दल माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. काल म्हणाली, "मी तुला सांगायला पाहिजे होतं गं. माझ्या नरड्याशी अडकून बसलंय ते. त्या मॅडमकडं मला नेशील?"

नेईन, अण्णा. याच आठवड्यात, माझ्याशेजारच्या सीटवर बसवून. दारापर्यंत सोबत जाईन. आत ती तिच्या मनानं बोलेल, आणि मी बाहेर थांबेन, कितीही वेळ लागला तरी.

तुमची लेक,
वर्षा