धोंड्याआधीचं जावळ

२५ एप्रिल
विलास, सूनबाई अन् नातू पुण्याहून निघाले ते आधी घाटनांदूरला गेले, ज्योतीच्या माहेरी. इकडं बुधवारी येणार म्हणे. संध्याकाळी फोनवर व्हिडिओ आला. शौर्य पहिल्यांदा चालला. तिथं, व्याह्यांच्या कापडदुकानापुढं. पावलं टाकत गेला अन् अण्णांचंच, म्हणजे व्याह्यांचंच धोतर धरलं. सौ. म्हणाली, "बघा की, कसं चालतंय!" बघितलं. आपल्या अंगणात फरशी टाकली ती त्याच्याच पायासाठी. आता इथं चालेल ते दुसऱ्यांदा.

२९ एप्रिल
आले. पोरगं माझ्याकडं येईना. उचललं की रडतं. ज्योती म्हणाली, "सवय न्हाई तात्या, होईल." अण्णांची बरी झाली सवय. त्यांनी घेतलेली गाणं वाजणारी गाडी सोबत आणलीय, दिवसभर तेच. मी सुताराकडून करून घेतलेला पांगुळगाडा कोपऱ्यात. विलास हसून म्हणाला, "तात्या, चालायला लागल्यावर पांगुळगाडा कशाला?" खरंय. पण एकदा हात तरी लावायला द्यायचा.

३० एप्रिल
गुरुजींकडं गेलतो. जावळाचं विचारायला. सतरा मेला धोंड्याचा महिना लागतो, त्यात जावळ काढत नाहीत. त्याआधी दोन तारखा निघाल्या, आठ अन् चौदा. जावळाला मामाची मांडी पाहिजे. ज्योतीचा भाऊ गणेश हैदराबादला नोकरीला, त्याची सुट्टी बारापासून. म्हणजे चौदा बरी. पण दहाला ही सगळी परत घाटनांदूरला. धोंड्याचं जेवण, जावयाचा मान, तिकडं आतापासून तयारी चालू. चौदा धरली की जावळही अण्णांच्या दारात निघणार. पहिलं पाऊल गेलंच, आता हेही...
आठ पक्की करून आलो. घरी सांगितलं, गुरुजींनी आठच दिली.

२ मे
मामाचं कोडं सुटलं. पिठाच्या गिरणीचा दत्ता मूळचा घाटनांदूरचा. गावाच्या नात्यानं ज्योतीचा भाऊ. म्हणजे शौर्यचा मामा. आपल्याकडं चालतं असं.
दत्ता पिठानं पांढरा झालेला. म्हणाला, "मला कावून मामा करता, तात्या? खरा मामा कुठं गेला?"
"त्याला सुट्टी न्हाई."
"मग आहेर बी मलाच करावा लागंल की! लई महाग पडलं म्हणायचं हे भाचं." हसला. मग विचारलं, "ताईला सांगितलं ना?"
हो म्हणालो. सांगेन उद्या.

५ मे
अण्णांचा फोन. "व्याहीबुवा, चार दिस थांबता आलं असतं तर गणेश आला असता." मी म्हणालो, तिथीपुढं आपलं काय चालतं. ते म्हणाले, "बराबर हाय. मी येतो." रागावले असते तर बरं वाटलं असतं. ज्योतीनं मामाचं काय म्हणून विचारलं. बघतो म्हणालो. दत्ताचं नाव तोंडातून निघेना.

८ मे
झालं एकदाचं. कसं झालं ते लिहू नये वाटतं, पण लिहितो.
खंडोबाच्या माळावर मांडव. भावकी सगळी आली. दत्ता नवा सदरा घालून पाटावर. न्हावी वस्तऱ्याला धार लावतोय. ज्योती पोराला घेऊन आली अन् थांबली.
"हे कोण बसलंय?"
"दत्ता. तुमच्याच गावचा. मामाच झाला की."
"मामा हाय की त्याला, तात्या. माझा भाऊ जिता हाय."
विलास मान खाली घालून. दत्ता उठायला लागला, "ताई, मला गिरणीच बरी." पोरगं रडतंय. आता ही पोराला घेऊन निघते, अन् पुन्हा या दारात येत नाही, असंच वाटलं.
तेवढ्यात अण्णा पुढं झाले. पिशवीतून गणेशनं पाठवलेला मामाचा आहेर काढला, दत्ताच्या हातात दिला. "बस बाबा. ज्योते, गावचा भाऊ बी भाऊच. लेकरू किती येळ रडवतीस?"
तिनं डोळे पुसले अन् बसवलं पोराला. जावळ निघालं.
म्हणजे कार्य माझं, मांडव माझा, पुरण माझ्या घरचं, अन् झालं ते त्यांच्या शब्दावर. माझीच भावकी माझ्याच पोळ्या खात म्हणत होती, "व्याही असावा तर असा." दोघातिघांनी तर मला ऐकू जाईल असं.

९ मे
विलास गोठ्याशी आला. "गुरुजी भेटले. चौदा पण दिलती म्हणाले." मी म्हशीला वैरण टाकत राहिलो. त्यानं एक पेंढी माझ्याकडं सरकवली अन् गेला. बोलला असता तर मीही...
ज्योती चहा देते. पण सौ.च्या हातून.

१० मे
गेले घाटनांदूरला. जाताना ज्योती पाया पडली. पुन्हा कधी, ते म्हणाली नाही.

१९ मे
उद्या विलासचं धोंड्याचं जेवण. अण्णांनी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. मी म्हणालो, पाठ धरलीय. सौ. म्हणाली, "धरू द्या. मी चालले." सकाळच्या गाडीनं गेलीही.
संध्याकाळी तिनं तिकडून फोन केला, व्हिडिओवाला. पोराच्या डोक्यावर बारीक काळं उगवलंय. घरभर पळतंय. ज्योती मागं दिसली, आत निघून गेली. अण्णांनी पोराला उचलून फोनपुढं धरलं, "बघ, कोण हाय? तात्या. तुझे तात्या हायत." माझ्या नातवाला माझी ओळख हे करून देणार.
पोरगं बघत राहिलं. रडलं नाही.
सकाळी अंबाजोगाईची गाडी आहे, घाटनांदूरसाठी तिथं बदलावी लागते. अजून काही ठरवलं नाही. म्हशीला उद्या वैरण टाकशील का, म्हणून दत्ताला विचारलंय. तो म्हणाला, "जा की तात्या." मी म्हणालो, नुसतं विचारतोय.