निळी का तांबडी?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

वही, माफ कर. गणपती बसले तेव्हा लिहिलं होतं, ते आज! कामात नव्हतो. नुसता आळस. आज काळजीत पडलोय, म्हणून उघडली.

आज फटफटी धुतली. हार, हळदकुंकू, नारळ — सगळं झालं. दरसाल पूजा बाहेरूनच होते. यंदा मनात आलं, हिच्या जिवालाही बोट लागू दे. बाजूचं गोल झाकण उघडलं. आत पॉइंट. मसुरीएवढ्या दोन टिकल्या — टेकतात, सुटतात, त्यांच्या जोरावर प्लगला ठिणगी पडते. फडक्यानं लखलखीत पुसल्या, हळदकुंकवाचं ओलं बोट टेकवलं, नमस्कार केला, झाकण लावलं. फार समाधान वाटलं.

लीला म्हणाली, "माज्यापेक्षा हिलाच जास्त नटवताय!"

पन्नास वर्षांपूर्वी लीलाला सांगलीहून याच गाडीवर आणली. तिचा धाकटा भाऊ नानासो तेव्हा टाकीवर चढून बसला होता, उतरायलाच तयार नाही. पुढं सांगलीत चाळीस वर्षं त्यानं गाड्या दुरुस्त केल्या. आज त्याचा फोन — भाऊबीजेला यंदा येत नाही, गुडघा धरलाय. लीला दुपारभर ओवाळणीचं ताटच घासत बसली. मला बघवेना. बोलून बसलो — "मीच तुला न्हेतो सांगलीला. फटफटीवरनं!"

हसली! पण आता? कराडहून सत्तर किलोमीटर. माझं वय शहात्तर!

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

सुरू होईना. तेहतीस किका मारल्या. मोजल्या.

मुलगा शंभूराज ओट्यावर दात घासत बघत होता. म्हणाला, "आबा, भाऊबीजेपत्तूर चालू झाली न्हाई, तर हायवेच्या हॉटेलवाल्याला देऊन टाकू. त्यो कवाधरनं मागतोय."

तो हॉटेलवाला हिला फाटकाजवळ चौथऱ्यावर उभी करणार. भोवती लाईटच्या माळा. लोक टेकून फोटो काढणार, पोरं सीटवर उड्या मारणार. मी नको नको म्हणून ओरडलो आणि मग तावातावात म्हणालो, "बरं! भाऊबीजेपत्तूर!"

तोंडच शिवून टाकावं माझं.

५ ऑक्टोबर, रविवार.

नानासोला फोन केला. शंभूराज म्हणाला, "मामाला व्हिडिओ लावतो की." तर नानासो एकदम — "त्ये व्हिडिओ-बिडिओ नगं. दाजी, तुमी बगा आन् तोंडानं सांगा."

प्लग काढून इंजिनाला टेकवायचा, किक मारायची, ठिणगी बघायची. "निळी का तांबडी? निळी असली तर जीव हाय. तांबडी असली तर करंट अर्धपोटी."

उन्हात काही दिसेना. मग लीलानं घोंगडं आणलं. सून क्रांती किकवर, आणि आम्ही दोघं घोंगड्याखाली, डोक्याला डोकं लावून! पेट्रोलचा नळ तीनदा बघितला, बंदच होता. चौथ्यांदा बघायला निघालो तर लीलानं बाही धरून खाली बसवलं.

शेजारची धोंडुबाई कुंपणावरून — "लीलाबाय, ह्या वयात?"

लीला आतून ओरडली, "ठिणगी बगतोय गं!"

"मग बगा की बाई, बगा!"

क्रांती हसता हसता किकवरून घसरली. आम्ही आत गुदमरून हसतोय! शेवटी दिसली. तांबडी. मरतुकडी.

नानासोला सांगितलं. तो म्हणाला, "पॉइंट बगितलं?" म्हटलं, बघितले, खंडेनवमीला मीच पुसले, लखलखीत होते. "मग प्लग बदला." आणि मध्येच — "आक्कानं आज कंच्या रंगाचं पातळ नेसलंय?"

गाडीचं चाललंय आणि याला पातळ! मोरपंखी म्हणून सांगितलं.

६ ऑक्टोबर, सोमवार.

नवा प्लग. तीच तांबडी.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

सांगलीहून एस.टी.च्या पार्सलनं डबी आली. आत कंडेन्सर — ठिणगीला बळ देणारी, बोटाच्या पेराएवढी नळकांडी. नानासोनं जुन्या सामानातली धाडली. सीटखाली टाकीच्या मागं बसते. ती बसवली आणि घाईत प्लगची वायर उघड्या हातानं धरली. क्रांतीनं किक मारली.

आई गं! कोपरापर्यंत झणका! टोपी उडाली. मी अंगणात नाचतोय — "करंट हाय! करंट हाय!" लीला पाणी घेऊन धावली. तिला वाटलं, भ्रमिष्ट झालो.

ठिणगी मात्र तांबडीच.

फोनवर ऐकून नानासो पोट धरून हसला. मग विचारलं, "दारात झेंडू हाय का अजून? पिवळा का भगवा?" दोन्ही आहेत म्हटलं. "कुटला जास्त?" आता झेंडू मोजत बसू?

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

हॉटेलवाला टेप घेऊन आला. चौथऱ्यासाठी माप घेतलं. लांबी, रुंदी. गाडीशेजारी उभं राहवेना, गोठ्यात जाऊन बसलो. जेवलो नाही. लीला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, एस.टी.नं जाऊ." एवढं हळू बोलली की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलोय. आनंदानं!

सकाळी नानासो म्हणाला, "दाजी, पॉइंट परत उगडा. फोन कानाला ठिऊन."

"बगितलेत म्हटलं न्हवं?"

"उगडा!"

उघडलं. म्हणाला, "काय दिसतंय?"

मी आधी चष्मा पुसला.

"दाजी?"

"पिवळं दिसतंय," म्हटलं. "जरा तांबूस."

"पिवळं? पॉइंटवर पिवळं कशानं—" मग थांबला. "दाजी. खंडेनवमीला नुसतं पुसलंसा, का...?"

कबूल केलं. काय करतो?

पलीकडून असा आवाज की वाटलं, याला ठसका लागला. हसत होता! "अवो, सांगलीची हळद ती! साठ वर्सांच्या इंजिनाचं लगीन लावलंसा व्हय!" मी म्हटलं, आक्काला सांगू नगं. तर फोनजवळच लीला उभी! पदर तोंडात.

मग त्याच्या सांगण्यावरून — लग्नपत्रिकेची कोरी पट्टी कापली, पेट्रोलमध्ये बुडवली, दोन टिकल्यांमध्ये घालून ओढली. पिवळी निघाली. दुसरी, तिसरी. सातवी पांढरी! टिकल्यांत हॅक्सॉ करवतीच्या पात्याच्या जाडीएवढी फट ठेवली. घोंगड्याखाली परत दोघं.

निळी! आभाळासारखी निळी! चट्चट् आवाज करत!

प्लग बसवला. दुसऱ्या किकेला — धडधडधड! कोंबड्या छपरावर. फोन इंजिनाजवळ धरला. नानासो म्हणाला, "जरा आनखी जवळ धरा." मग म्हणाला, "ऐका, कशी गातीया."

शंभूराजनं स्वतःच हॉटेलवाल्याला फोन केला. "न्हाई देत. आमचा आबा लय डेंजर हाय!"

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

उद्या निघायचं. हेल्मेट दोन. शंभूराज मागून जीप घेऊन येणार. पेट्रोल, हवा, ब्रेक, जास्तीचा प्लग. हळद घरीच!

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. सांगली.

आलो! चार ठिकाणी थांबलो, पण एकदाही बंद पडली नाही. लीला माझा खांदा घट्ट धरून. मध्येच कानात ओरडली — "अजून जोरात!"

नानासोच्या गल्लीत शिरलो, तर आवाज ऐकून तो आधीच दारात. गुडघ्याला काहीही झालेलं नाही, ताठ उभा. भिंतीला हात लावून पुढं आला आणि थेट इंजिनावर हात ठेवला. गरम होतं, तरी ठेवला.

लीलानं ओवाळायला ताट उचललं. निरांजन उजवीकडून डावीकडं फिरलं. नानासो हसतोय — खिडकीकडं बघून.

लीलानं त्याच्या डोळ्यांकडं नीट बघितलं. पुन्हा ओवाळलं, हळू. मग म्हणाली, "आज हिरवं नेसलीया रं. जरीचा काठ."

तो म्हणाला, "झ्याक दिसतंय, आक्का."

त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, स्वयंपाकघरात सांगितलं. साखरेनं डोळे खाल्ले. श्रावणापासून अंधार. कुणाला सांगू नका म्हणून आण घातली होती.

२५ ऑक्टोबर, शनिवार. घरी.

नानासो, दोन दिवस झाले, फोन नाही. आम्हाला कळलं म्हणून लाजलास का रं? झेंडू सुकला, शेवंती फुलली आहे. मी अंगणातच बसलोय, वही मांडीवर घेऊन. फोन कर गड्या, लवकर. कुठलाही रंग विचार.