अप्पांची रजा

मंगळवार, संध्याकाळ. फुलंब्री.

उद्या मी पहिल्यांदाच एकटी कोर्टासमोर बोलणार होते. एवढे दिवस सीनियर वकील मॅडमच्या मागं फायली धरून उभी राहिले, आता माझी पाळी होती. दुपारी फाइल उघडली आणि समोरच्या पक्षाचं नाव वाचून थबकलेच. चितेगावची ती कंपनी, जिथं माझे वडील, अप्पा, फिटर आहेत. आमच्या अशिलाचं म्हणणं, तिथली यंत्रं त्याच्या मालकीची आहेत. ती चालवायला मनाई करणारा हुकूम हवाय, तोही कंपनीला खबर लागायच्या आत.

लगेच मॅडमना सांगितलं. त्यांनी फाइल परत घेतली. "सांगितलंस ते बरं केलंस. पण घरी एक शब्द काढायचा नाही."

ते काय मला ठाऊक नव्हतं? तरी संभाजीनगरहून येताना बसमध्ये तोच विचार. हुकूम मिळाला तर अप्पांचं काय?

घरी आले तर अप्पा शर्टाला इस्त्री करत होते. "उद्याची रजा टाकली म्या. तुला बोलताना बघायचंय."

"अप्पा, केस दुसऱ्याकडं गेली."

"का गं? काही चुकलं का तुझं?"

"नाय. पण कारण सांगता येत नाही."

खोटं बोलले नाही. पण खरं तरी कुठं सांगितलं?

"ऱ्हाऊ दे. पुढच्या टायमाला येईन." मग माझ्यासमोरच त्यांनी सुपरवायझरला फोन लावला. "साहेब, रजा नको आता. उद्या येतो. तसंबी मशीनचं काम लई पडलंय."