बेंबीच्या वर

माय, काल एक पिशवी घ्यायला लातूरची बाजारपेठ पालथी घातली. हवी होती एवढीशीच. लेकीनं दिलेला ई-रीडर, चष्मा, गोळ्या, बसचं कार्ड आणि रुमालात गुंडाळलेलं माझं इष्टलिंग, एवढं मावलं की झालं. तू म्हणशील, लिंग पिशवीत का, गळ्यात काय झालं? तुझाच आजार मला निघालाय. रेणापूरहून लातूरला डायलिसिसला जाते. मानेत उजवीकडं नळी बसवली तेव्हा सिस्टरनं गळ्यातला दोरा उतरवायला लावला, जंतू जातात म्हणे. पुढं मशीनच्या सुया टोचायला डाव्या हाताची शीर जोडून ठेवली आहे, ती तयार होईपर्यंत त्या हाताला आणि खांद्याला ओझं नको. पुस्तकं तर केव्हाच सुटली. ई-रीडर एका हातात धरून अंगठ्यानं पान उलटता येतं, म्हणून तो.

दुकानदारानं ढीग घातला. पाठीवरच्या सॅकचा बंद नळीला घासणार, खांद्याची पर्स डाव्या बाजूला चालायची नाही, आणि उजव्या हातात पिशवी धरली तर बसमध्ये दांडा कशानं धरायचा? शेवटी त्यानं कमरेला बांधायची एक चपटी काळी पिशवी काढली. वजन म्हणावं तर नाहीच. ई-रीडर आत अलगद गेला. मागं, अंगाला लागून, चेनचा वेगळा कप्पा. मी खूश झाले, पट्टा बांधला, कप्पा कुठं येतोय ते पाहिलं आणि तुझा आवाज ऐकू आला.

लहान होते. दोरा मानेला खाजायचा म्हणून मी लिंग परकराच्या नाडीला बांधून खेळायला गेले होते. तू भाकरी थापत होतीस. उठलीस आणि पिठाच्या हातानंच माझा कान धरलास. "अंगावर न्हाई तर तू न्हाई. आन् बेंबीच्या खाली कदी जाऊ द्यायचं न्हाई, मरंस्तोवर." कानाला लागलेलं पीठ मी संध्याकाळपर्यंत पुसलं नाही, इतकी घाबरले होते.

तर दुकानात मी पट्टा ओढत ओढत पार छातीखाली नेला. दुकानदार म्हणाला, ताई, कमरंला असतंय ते. मी म्हटलं, माझी कंबर इथंच आहे. तो हसला. मलाही हसू आलं, पण लगेच नांदेडचा तो वॉर्ड आठवला. तुझी वायरची पिशवी खाटेला अडकवलेली. तुझाही दोरा काढला होता. मशीन चालू असेपर्यंत तू लिंग डाव्या मुठीत धरून पडायचीस. सिस्टर मूठ उघड म्हणाली की उजवा हात पुढं करायचीस. मला तो तुझा हट्ट वाटायचा, रागही यायचा. पुढं तू गेलीस, तुला मातीत बसवलं, जंगम स्वामींनी डाव्या तळव्यात लिंग द्यायला हात धरला, तर ते आधीच मुठीत होतं. माझी डावी बोटं आता गार पडतात, नीट मिटत नाहीत.

म्हणून काल संध्याकाळी लेकीला कप्पा दाखवला. काही झालं तर हे डाव्या हातात दे, बोटं मिटली नाहीत तर रुमालानं बांध, असं सांगितलं. "मम्मी, असलं बोलायलीस तर मी उद्या येनारच न्हाई," म्हणाली आणि भांडी घासत बसली. सकाळी मात्र स्टँडवर माझ्याबरोबर उभी होती. बस येताना पाहून मी बाकड्यावरून उठले, तर पट्टा खाली घसरलेला. माझ्याकडं न बघता ती पुढं झाली, पिशवी वर सरकवली आणि पट्टा आवळला. इतका आवळला की श्वास घ्यायला जड जात होतं. मी सैल कर म्हटलं नाही.

आज मशीनवर सगळ्यांना वाटलं, मी वाचतेय. पान पहिल्यापासून तेच होतं. हात कप्प्यावर होता. तुझा तो हट्ट नव्हता, माय, हे मला आज कळलं. हा कागद आता फाडून टाकते. लेकीच्या हाती लागायला नको. तिला वाटतं, मी भीत नाही.