सुमनचा प्रश्न

रविवार, दिवेलागण

नसरीन आली होती आज. भाच्याच्या लग्नाला कुरुंद्यात आली आणि मांडवातून सरळ माझ्याकडे. केस पांढरे झालेत, हसणं मात्र तेच.

हिंगोलीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. एकदा मीच विचारलं होतं, होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या या पृथ्वीच्या चुंबकात ऊर्जा तरी किती असेल? ती म्हणाली, "एवढीशी सुई फिरते, त्यात काय असणार!" मी म्हणलं, अख्ख्या जिल्ह्याला पुरेल. बसस्टँडवर बसून ढोबळ अंदाज काढला. एका घनमीटर जागेत ज्यूलचा जेमतेम हजारावा भाग! ती जिंकलीच होती. मग पृथ्वीभोवतीची सगळी जागा धरून गुणलं, तर एकावर अठरा शून्यं एवढे ज्यूल. जिल्ह्याला पुरून उरेल! वसमतची गाडी समोरून निघून गेली, आम्हाला पत्ताच नाही.

पुढच्या वर्षी माझं गावातच लग्न झालं, कॉलेज सुटलं. ती प्राध्यापक झाली. हळदीच्या रानात अठरा शून्यं कुणाला सांगायची? कुणालाच सांगितली नाहीत.

आज ती निघताना धीर करून विचारलं, "नसरीन, तो आपला हिशोब आठवतो का गं?"

"आठवतो काय म्हणतीस? दरसाल पोरींना तोच देते. सांगते, हा प्रश्न आमच्या कुरुंद्याच्या सुमनचा."

मी इथं हळद शिजवत राहिले, अन् तिकडं दरसाल नव्या पोरी माझा प्रश्न सोडवत राहिल्या.