फळीची जाडी आणि शेडची चावी

मी, हरेश्वर तुकाराम म्हात्रे, वय ७३, धंदा होड्या बांधणे, राहणार रेवस, ता. अलिबाग, जि. रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दाबाखाली न येता लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. विनेश ठाकूर यांनी सोबत दिला आहे. तेवढ्याने कोणाचं समाधान झालं नाही, तर माझ्या लॅपटॉपमधला प्रोग्रॅम चालवून बघावा. तो मी बहात्तराव्या वर्षी लिहिला आणि तो चालतो!

१. राहतं घर व मागची नारळाची वाडी मुलगा परेश याला. बँकेतली शिल्लक सून किशोरी हिला. या पत्राची अंमलबजावणीही तीच करील, कारण या घरात सांगितलेलं काम वेळेवर करणारी ती एकटीच आहे.

२. जेट्टीच्या रस्त्यावरची माझी होड्यांची शेड परेशला मिळणार नाही. तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं त्याच्या मनात आहे. खोल्या वाडीत बांध बाबा, माझी हरकत नाही. शेडचं कारण सविस्तर लिहितो, म्हणजे कोर्टात जायची हौस उरणार नाही.

परेशची मुलगी मृणाली इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉईंगमध्ये दोनदा नापास झाली आणि शिक्षण सोडते म्हणून बॅग घेऊन घरी आली. प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र वर्गात पहिली! तिच्या एका सरांनी सांगितलं होतं, "हाताने आता कोण काढतं?" त्या सरांना मी माझी अर्धी झिजलेली पेन्सिल ठेवतो. किशोरीने ती टोक करून पोस्टाने पाठवावी.

मी मृणालीला म्हटलं, तू मला प्रोग्रॅमिंग शिकव, मी तुला पट्टीशिवाय आणि खोडरबराशिवाय रेघ शिकवतो. सहा महिन्यांनी आम्ही दोघांनी मिळून होडी बांधायला घेतली. जुन्या होडीची मापं मी बाहेरून घेतली, तिने ती मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये घातली, होडीच्या सांगाड्यातल्या बरगड्यांचे आकार छापून आले. मी आनंदाच्या भरात न तपासताच लाकूड कापलं. फळ्या चढवल्या, तर पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाच्या, म्हणजे नाळेच्या, खाचेत बसेनात. दयाराम नाखवा जेट्टीवरून ओरडला, "हरेश्वर, होरीचा पोट सुजला काय रं?" आठ दिवस सगळं बंदर हसत होतं.

मृणालीने खडू घेऊन शेडच्या जमिनीवर हातानेच एक बरगडी काढली, तिच्यावर फळी काढायला गेली आणि थांबली. "आजा, फळीची जाडी कुठं धरलीय?"

कुठेच नाही! मापं फळीच्या बाहेरची आणि बरगडी बसते आत. चाळीस वर्षं ती जाडी माझा हात आपोआप वजा करत आला. तोंडाने मी ती कधी कोणाला सांगितलीच नव्हती, आणि कॉम्प्युटरला न सांगितलेलं कळत नाही. मृणालीने एक ओळ वाढवली आणि बाराच्या बारा बरगड्या बरोब्बर आल्या. मी शेडमध्ये नाचलो, गुडघे दुखत असताना! हाताने काढलं नसतं तर चूक दिसली नसती, आणि प्रोग्रॅम नसता तर ती सुधारायला मला महिना लागला असता. मृणाली त्याच वर्षी ड्रॉईंगमध्ये पास झाली.

३. म्हणून शेड, वाकस, रंधे, पटाश्या व लॅपटॉप मृणालीला. अट एकच. दर रविवारी इंजिनिअरिंगच्या मुलांना तिथे फुकट शिकवायचं, आधी खडू आणि मग कीबोर्ड. जमिनीवरची ती पहिली बरगडी कोणी पुसू नये.

४. दयाराम नाखवाला मी काहीही ठेवत नाही. त्यामुळे त्याची साक्ष बिनधोक चालेल.

५. सहीच्या वेळची नोंद. साक्षीदार म्हणून आधी मृणालीच पेन घेऊन पुढे आली. वकिलांनी अडवलं, "ज्याला मिळतं त्याने साक्ष करू नये." तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. शेड खोल्यांसाठी गेलीच, असं धरून ती गेल्या आठवड्यात तिथल्या भिंतीवरची तिची चित्रं काढून घेऊन गेली होती.

"आजा, म्हंजे शेड माझी हाय?"

"तुजी न्हाय गो. येनाऱ्या पोरांची. चावी तेवढी तुजी."

चावी मी तिच्या हातात आजच दिली. मरणाची वाट कोण बघत बसतो! पहिला वर्ग येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता.

लिहून ठेवणार: हरेश्वर तुकाराम म्हात्रे
साक्षीदार: १. दयाराम भागोजी नाखवा २. डॉ. विनेश ठाकूर
स्थळ: रेवस
दिनांक: १४ जानेवारी २०२५