केतकीच्या सीडीवरचं बोट

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. सिडकोतलं घर आणि अंबडची कंपनी, याच्या पलीकडे तुम्ही गेलात तरी कुठे? आज लिहितेय, कारण निलेश पुण्याहून आलाय. हे घर रिकामं करून तो मला घेऊन जाणार आहे. तुमच्या सिनेमांच्या डिस्क न्यायला तिकडे जागा नाही. सगळं एका छोट्या मशीनमध्ये उतरवायचं आणि डिस्क भंगारात द्यायच्या, असं ठरलंय.

"आई, सिनेमे दाखवायला सिस्टीम कुठली टाकू?" त्याने विचारलं. दोन होत्या. एक स्वतःच सिनेमा ओळखते, नेटवरून पोस्टर आणते, नटनट्यांची नावं लावते. दुसरीला तसलं काही जमत नाही, आपण जसे कप्पे करू तसे ती दाखवते. मला पोस्टरवाली आवडली. टीव्हीवर कशी दुकानासारखी चित्रं लागतात. तुम्ही नाक मुरडलं असतं, ठाऊक आहे मला.

तुमचे कप्पे काय ते तुमच्याच डोक्यातून निघालेले. 'पाहुणे आल्यावर'. 'ताप आल्यावर'. आणि सगळ्यात खाली, कपाटाच्या कोपऱ्यात, 'हिच्यासमोर नको'. मला वाटलं, म्हातारा लपून काय बघत होता कोण जाणे. उघडून एकेक डिस्क पाहिली. ज्यात लेकरू दगावतं असे सगळे सिनेमे तुम्ही तिथे काढून ठेवले होते. इतकी वर्षं मला कसं कळलं नाही हो?

आपली केतकी गेली तेव्हा निलेश रांगत होता. डेंग्यूने आठवडाही घेतला नाही. त्याच्या आधी निफाडला माझ्या भावाच्या साखरपुड्यात व्हिडिओवाल्याने तिला द्राक्षबागेत उभं करून बोलायला लावलं होतं. तेवढीच एक सीडी. मूळ कॅसेट त्याने पुसून पुन्हा वापरली.

ती सीडी तुम्ही कधी लावू दिली नाहीत. प्लेअर ओरखडे पाडतो, म्हणायचात. निलेश मोठा झाला की एकदा सगळे मिळून बघू, म्हणायचात. तो मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तरी तुमचा मुहूर्त काही लागला नाही. कशाची भीती वाटत होती तुम्हाला?

आणि खंडेनवमी. टूलरूममध्ये जन्म गेलेला तुमचा. पान्यांपासून मिक्सरपर्यंत घरात एक वस्तू हळदकुंकवावाचून सुटायची नाही. प्लेअरला, रिमोटला, डिस्कच्या कपाटाला, सगळ्यांना बाहेरून टिकली. केतकीची सीडी तेवढी कव्हरातून काढून पाटावर ठेवायचात आणि तिच्या नावावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवायचात. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून परत आत. निलेश उठायच्या आत हे उरकलेलं असायचं. मी दारातून बघायचे. बाप लेकीला कुंकू लावतोय, लावू दे, असं वाटायचं.

काल निलेशने ती सीडी मशीनमध्ये घातली. तुमच्या सगळ्या टुकार मारामाऱ्या ठणठणीत उतरल्या होत्या. ही मात्र घरघर करत अडकली. त्याने ती काढून खिडकीपाशी धरली. नावाच्या जागी चकचकीत थरच उरला नव्हता. बोटाएवढी जागा आरपार झाली होती, आणि तिच्यातून समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे दिसत होते. दर खंडेनवमीला तुमचं कुंकू तिथेच टेकायचं.

थोडंसं उतरलं. बाग दिसते. केतकी पाठमोरी, घडाला नाक लावून उभी. माझा भाऊ ओरडतो, "ए केतके, इकडं बघ. बोल की कायतरी, लय भाव खाऊ नको." ती वळायला लागते. तिथे संपतं.

निलेशने विचारलं, "आई, ताईचा आवाज कसा होता गं?"

मला आठवत नाही, अहो. तुम्ही जपून ठेवलाय म्हणून मी निर्धास्त होते. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले, खूप चिडले, तुमच्या फोटोसमोर उभी राहून नको नको ते बोलले.

मग निलेशने तो तुकडा पोस्टरवाल्या सिस्टीममध्ये टाकला. तिने 'केतकी' हे नाव कुठेतरी शोधलं आणि कुठल्याशा सिनेमातल्या हसऱ्या बाईचं चित्र आणून चिकटवलं. खाली त्या सिनेमाची गोष्ट, आणि तो किती चांगला ते सांगणाऱ्या चांदण्या. माझ्या लेकीच्या जागी ती बाई. मी म्हणाले, "काढ ते. दुसरी सिस्टीम टाक." आता तुमचे कप्पे तुम्ही ठेवलेत तसेच आहेत, खालचासुद्धा. केतकीचा कप्पा वेगळा केलाय. त्यात तो एवढासा तुकडा आहे.

सीडी अशी कशाने झाली असेल, असं निलेशने दोनदा विचारलं. मी म्हणाले, पावसाळ्यात या भिंतीला ओल येते ना, तिने. "बाबांनी तरी बिचाऱ्यांनी किती जपायचं," म्हणाला. मी मान डोलावली. ती सीडी मी भंगारात दिली नाही, माझ्या साड्यांत ठेवलीय. तिच्यात केतकीचं काही राहिलेलं नाही, तुमचं बोट तेवढं राहिलंय.

निलेशला कुंकवाचं कधीच कळू देणार नाही, हा माझा शब्द. पण तुम्हाला मी सोडणार नाही. तिकडे आले की आधी तुमच्याशी भांडणार आहे. फक्त केतकी तिथे असेल तर आपण दोघांनीही गप्प बसायचं. आधी तिला बोलू द्यायचं.

केतकीची आई